दिराच्या दारातला ट्रॅक्टर

आमच्या गावात ट्रॅक्टर दोन जातींचे. मोठ्याला ट्रॅक्टर म्हणतात आणि छोट्याला बुटका. बुटका फळबागेतल्या कामाचा. झाडांच्या दोन ओळींमधून जातो, फांद्यांना धक्का लावत नाही. सरकारी योजनेत तो मिळायला लागला तेव्हा माझ्या दिरानं आणि माझ्या पोरानं एकाच आठवड्यात एकेक बुटका घेतला. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, लाल. योजनेला बाग लागायची. आमच्या बांधावर सीताफळाची झाडं होती, तीही शेळ्यांनी अर्धी खाल्लेली. साहेब पाहणीला आले, त्यांनी शेळ्या बाजूला करून फोटो काढला आणि आमची बाग झाली.

दीर म्हणजे माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. वाटण्या कधीच्या झाल्यात, पण घराला घर आणि बांधाला बांध लागून आहे. नवरा गेल्यापासून आमच्या घरात मी, पोरगा, सून आणि नात. दिराच्या घरात दीर, जाऊ आणि त्यांचा एकुलता एक पोरगा, लग्नाचा. लग्नाचा म्हणजे बऱ्याच वर्षांपासून लग्नाचा.

दिराचा बुटका दुसऱ्याच साली मेला. शेतात मेला असता तर काही वाटलं नसतं. तो वरातीत मेला. भावकीतल्या एका लग्नात त्याला डीजेची गाडी जोडली. पोरं नाचत होती, म्हणून ट्रॅक्टर गोगलगायीसारखा चालला होता. आतलं पाणी आटलं, इंजिन तापलं, वाफा निघायला लागल्या. पोरांना वाटलं डीजेवाल्यानं मुद्दाम धूर सोडलाय. ती जास्तच नाचली. मग आतून खट्ट झालं आणि इंजिन जे जाम झालं ते झालंच. नवरदेवाला उरलेल्या वाटेला चालत नेलं.

दुसऱ्या कुणी तो भंगारात घातला असता. दिरानं तो धुऊन, पुसून दारात उभा केला. जाऊ त्याच्यासमोर रोज सडा-रांगोळी करायला लागली. कारण साधं होतं. आमच्याकडं शेतकऱ्याच्या पोराला आता कुणी पोरगी देत नाही. नोकरी पाहिजे म्हणतात. नोकरी नसंल तर निदान दारात ट्रॅक्टर तरी पाहिजे. पाहुणे आले की पोराच्या तोंडाकडं नंतर बघतात, आधी दाराकडं बघतात. दिराला वाटायचं, पोरगं तसं बरं आहे, ट्रॅक्टर तर फारच छान आहे, दोन्ही मिळून काम होईल. पाहुण्यांनी चालू करा म्हटलं की बॅटरी चार्जिंगला दिली आहे असं सांगायचा. ती बॅटरी इतकी चार्ज झाली असंल की तिच्यावर गाव चाललं असतं.

गेल्या पोळ्याला तर हद्द झाली. बैल कुणाकडं राहिलेत? आता ट्रॅक्टर रंगवतात, हार घालतात, मारुतीला नेऊन आणतात, पुरणपोळी दाखवतात. दिराचा बुटका चालत नव्हता आणि पोळ्याला दारातली वस्तू मारुतीला नेली नाही तर लोकांना कळणार. म्हणून चौघांनी दोर लावून तो ओढत नेला. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, म्हणून माणसं जुंपली.

"कावून वढायलाव बे ह्याला?" एक जण म्हणाला.

"गप वढ. पुरणपोळी हाय."

दीर पुढं चालत होता. वाटेत कुणी विचारलं की म्हणायचा, "डिझेल वाचवायलाव."

आमचा बुटका मात्र रोज कामाला होता आणि तो सून चालवायची. पोरगा चालवायचा नाही असं नाही, पण त्याला दम नाही. वळण आलं की दात-ओठ खाऊन वळवायचा आणि एखादं झाड घेऊनच यायचा. सुनेनं बघून बघून हात बसवला. मग दुसऱ्यांची कामंही घ्यायला लागली. डाळिंबवाले, सीताफळवाले तिलाच बोलवायचे, झाडं राहावीत असं वाटणारे सगळे. त्या कामावर घर चाललं होतं. म्हणून तीन साल झाले, पोरगा आणि सून उसाला गेले नव्हते.

उसाला जाणं म्हणजे काय, ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. बाहेरच्यासाठी सांगते. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडी भरते. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. बाईचं स्वतःचं नाव त्या मोजणीत नाही. ती अर्धीच.

पोळा झाला आणि थोड्याच दिवसांनी आमचा बुटका मोडला. सून एका बड्या शेतकऱ्याच्या सीताफळात रोटाव्हेटर मारत होती. रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं फिरणारी पाती, माती भुसभुशीत करायची. बांधापासून बऱ्यापैकी आत, जिथं दगड असायचं काही कारण नाही, तिथं पात्यांना दगड लागला. साधा दगड नव्हता. हद्दीचा दगड होता. मालकानं कधीतरी शेजाऱ्याची हद्द सरकवून जुना दगड आपल्यात गाडून ठेवला होता. मालक धावत आला. सुनेला वाटलं आता हा भांडणार. पण तो म्हणाला, "ताई, जाऊ द्या, जाऊ द्या," आणि पायानं त्या दगडावर माती लोटायला लागला.

त्याचा दगड झाकला, आमचा ट्रॅक्टर गेला. इंजिन चालायचं, चाकं चालायची, पण मागचा रोटाव्हेटर फिरेना. आणि रोटाव्हेटर फिरला नाही तर बुटका म्हणजे चार चाकांचं स्टूल.

पाटोद्याहून मिस्त्री आणला. हा मिस्त्री एका हातानं काम करतो, दुसऱ्या हातात मोबाईल. कानाला लावूनच त्यानं मागचं झाकण खोललं.

"दात गेले," तो म्हणाला.

"कुणाचे?" मी विचारलं. तो फोनवर बोलतोय की माझ्याशी ते कळत नव्हतं.

"गिअरचे, मावशी. रोटाव्हेटर फिरवणारा जो दांडा हाय, त्याच्यावरचा गिअर. आन हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय. मिळायचं न्हाई."

पोरानं पाटोदा पालथं घातलं. बीडला गेला. पालीच्या अलीकडं एक भंगारवाला आहे, त्याच्याकडं दिवसभर उकिरड्यातल्या कोंबडीसारखा उकरत बसला. सगळीकडं एकच सल्ला मिळाला, नवा घ्या. हा सल्ला दुकानदार कशालाही देतो.

मिस्त्री परत आला तेव्हा चहा पीत आमच्या ओट्यावर बसला होता. चहा पिताना त्याची नजर भिंतीपलीकडं गेली.

"त्यो कुणाचा?"

"दिराचा. मेलाय."

"इंजिन मेलं आसंल. मागचं सगळं कोरं आसंल की. तिथला गिअर काढा आन हितं घाला." आणि परत फोनवर बोलायला लागला.

इतकी सोपी गोष्ट. पण मला दीर माहीत होता.

त्याच दिवशी दुपारी मुकादम आला. मुकादमाला कुणाचं काय मोडलं ते आमच्या आधी कळतं. ओट्यावर बसला आणि पोराला म्हणाला, "मग, औंदा एक कोयता धरू का?"

सून आत भाजी चिरत होती. विळीचा आवाज थांबला.

पोरगा म्हणाला, "दसऱ्यापर्यंत सांगतो."

"दसऱ्यापर्यंत काय सांगतो? ट्रॅक्टर मोडल्याला न्हाई का?"

"व्हईल नीट."

"झाला तर झाला. न्हाई तर गाडीत जागा ठिवतो." मुकादम उठला. जाताना दिराच्या दारातल्या बुटक्याकडं बघून हसला.

तो गेल्यावर सून बाहेर आली. "आत्या, मी जायची न्हाई."

"माझ्याकडं काय सांगतीस? नवऱ्याला सांग."

"त्यास्नी सांगितलं. ते म्हणले, गिअर मिळाला तर थांबू, न्हाई तर जावंच लागंल."

"मग गिअर आणावा लागंल."

"चुलत सासरे देत्याल का?"

"मागून तर बघू."

सून नुसती उसाला जायला नको म्हणते, असं गावातल्या बायका म्हणायच्या. कामाला चुकार म्हणायच्या. पण मी सोबत गेलेली आहे. तिची पोर उसाच्या पाचटात जन्मली आणि दुसऱ्या दिवशी ती मोळ्या उचलायला उभी होती. तिला परत न्यायचं असंल तर ट्रॅक्टर मोडला हे एक कारण झालं, पण पटण्यासारखं नाही.

संध्याकाळी मी दिराकडं गेले. तो बुटक्याला फडक्यानं पुसत होता. चालत्या ट्रॅक्टरला आम्ही कधी इतकं पुसलं नाही.

"भाऊजी, तुमच्या ट्रॅक्टरातला एक गिअर पाहिजे."

त्याचा हात थांबला. "कावून?"

"आमचा मोडलाय. मिस्त्री म्हणतो, दोन्हींचं सारखंच हाय."

"वहिनी, तुमी काय बोलायलात? दसऱ्याआधी धर्मापुरीकडचे पाहुणे यायलेत. पोरगी शिकल्याली हाय. ह्या टायमाला जमलं न्हाई तर पोरगं तसंच राहील. आन तुमी म्हणताव ट्रॅक्टर खोला?"

"बाहेरून काय कळायचं न्हाई. मागचं झाकण काढायचं, गिअर घ्यायचा, झाकण लावायचं."

"पाहुण्यास्नी कळतंय. लोक लई हुशार झालेत. आत काय न्हाई म्हणलं की उठून जात्याल."

जाऊ चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "आत काय हाय आता तरी? इंजिन तर जळालंच."

"तू गप बस," दीर म्हणाला. "दारातली वस्तू हाय. पोळ्याला पूजा झाल्याली हाय. पूजेच्या वस्तूच्या पोटात हात घालत न्हाईत."

मला राग आला नाही. राग यायला समोर काही तरी पाहिजे. मी म्हणलं, "भाऊजी, माझ्या पोटात घातला होता का न्हाई?"

त्यानं फडकं झटकलं.

"तुमाला आठवत आसंल. उसावरून आल्यावर डॉक्टर म्हणला, पिशवी काढून टाका, आता तुमाला काय करायची. काढली. पुढच्या दसऱ्याला तुमीच मला गाडीत बसवलंत. मी मोळ्या उचलल्या का न्हाई? मुकादमाला कळलं का? कारखान्याला कळलं का? तुमच्या भावाचा कोयता पूर्णच मोजला. बाई पोटातलं काढून उभी राहती, तर हा ट्रॅक्टर कावून उभा राहायचा न्हाई? ह्याला तर नुसतं दारात उभं राहायचंय."

दीर फडकं हातात धरून उभा राहिला. असलं बोललेलं आमच्याकडं पुरुषांना सहन होत नाही. काढणं सहन होतं, बोलणं होत नाही. जाऊ चुलीतला जाळ उगाच सारखा करायला लागली. तिचीही काढलेली आहे.

तेवढ्यात दिराचा पोरगा आतून आला. सगळं ऐकत होता. "आबा, द्या की. मोठी आई कुठं ट्रॅक्टर मागायली? गिअरच मागायली."

"तुझ्याच लग्नासाठी म्हणायलाव बे मी."

"माझं लग्न गिअरवर आडलंय व्हय?"

आडलं होतं खरं तर. पण ते त्याला कोण सांगणार.

शेवटी दीर तयार झाला, पण अट घातली. सोयरीक जमली तर गिअर आमच्याकडंच राहील. मोडली तर लगेच काढून परत बसवायचा, कारण पुढच्या पाहुण्यांना ट्रॅक्टर पूर्ण दाखवायचा. मी कबूल झाले. म्हणजे सून उसाला जाणार की नाही, हे आता धर्मापुरीकडच्या पोरीच्या हातात गेलं. तिला बिचारीला याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मिस्त्रीनं काम सुरू केलं. दिरानं चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या, गावाला कळू नये म्हणून. त्यामुळं गाव लगेच आलं. पोरंसोरं खालून डोकावायला लागली. एकजण म्हणाला, "आबा, आत डिलिव्हरी चालू हाय का?"

"सर्व्हिसिंग हाय," दीर म्हणाला. "जा, शेताकडं जा."

जाऊनं आधी नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं. मग मिस्त्रीनं पाना लावला. एक बोल्ट गंजून बसला होता. मिस्त्री फोन खाली ठेवायला तयार नव्हता, म्हणून एका हातानंच जोर लावत होता. सुनेनं त्याच्या हातातला पाना घेतला, पान्याला लोखंडी पाइप जोडला आणि सगळं अंग टाकून बोल्ट फिरवला. करकर करत निघाला. मिस्त्री फोनमध्ये म्हणाला, "हां, काढला मी."

आतलं काळं ऑइल परातीत घेतलं, तरी निम्मं अंगणात सांडलं. जाऊनं त्यावर आधी राख टाकली, मग शेणानं सारवलं, मग वर रांगोळी काढली. रांगोळी ऑइलनं काळी पडली. तिनं तिथं तुळशीची कुंडी आणून ठेवली.

दांडा, बेअरिंग आणि गिअर, सगळं निघालं. गिअर नवा असल्यासारखा होता. दात न् दात जागेवर. दोन साल दारात नुसता उभा राहून त्याला काय झिजायचं? मिस्त्रीनं तो डिझेलनं धुतला आणि उन्हात धरला. सुनेनं तो साडीच्या पदरात घेतला आणि ताडपत्रीखालून भिंत ओलांडून आमच्या अंगणात आणला. वजन बरंच होतं. तिनं धापही टाकली नाही. लोक बघत होते, पण चोरून आणल्यासारखं का आणलं ते तिला तरी कुठं माहीत.

पण दिराच्या बुटक्याला मागं एक गोल भोक राहिलं. दांडा जिथून बाहेर येतो तिथं. त्यातून आत अंधार दिसायचा. जाऊनं घरातली सगळी झाकणं लावून बघितली. शेवटी वनस्पती तुपाच्या जुन्या डब्याचं झाकण बरोबर बसलं. त्याला लाल रंग दिला आणि मध्ये काळी बाहुली टांगली, नजर लागू नये म्हणून. दिराला ते इतकं आवडलं की तो म्हणाला, "आधीपेक्षा भारी दिसायलंय."

आमच्यात गिअर बसला. मिस्त्रीनं जरा कानस मारली, ग्रीस भरलं, ऑइल घातलं आणि सुनेला म्हणाला, "घ्या चालू करून." रोटाव्हेटर फिरला. सून हसली नाही. तिनं इंजिन बंद केलं, परत चालू केलं, परत फिरवून बघितलं. मग उतरून हात धुतले. मी म्हणलं, "अजून पाहुणे यायचेत."

पाहुणे आले. पोरीचा बाप, मामा आणि आजी. बाप गप्प माणूस, मामा बोलका, आणि आजी माझ्याच वयाची, काठी टेकत चालणारी. चहाला मला बोलावलं होतं, मोठी जाऊ म्हणून. वाटण्या झाल्यापासून अशा वेळी मी मोठी जाऊ असते, बाकी वेळी शेजारीण.

मामा ट्रॅक्टरभोवती फिरला. "लई मेंटेन ठिवलाय."

"आमचं बाळ सोता पुसतंय," दीर म्हणाला.

"जरा चालू करा की. शेत बघू बसून."

"बॅटरी चार्जिंगला दिलीय."

"व्हय का? आमच्या गावात बी एका पाहुण्याकडं बॅटरी चार्जिंगलाच असती. दोन साल झाले." मामा असा हसला की दीरही हसला. हसताना त्याचं नाक घामानं भिजलं होतं.

आजी मागून फिरून आली. काठीनं तिनं काळी बाहुली बाजूला सारली. झाकणावर काठी टेकवली. टण्ण वाजलं.

"हे झाकण डब्याचं हाय," ती म्हणाली.

 जाऊनं चहाची बशी खाली ठेवली. मी दिराकडं बघितलं, मग भिंतीपलीकडं, जिथं आमचा ट्रॅक्टर होता. मला वाटलं, झालं. आता गिअर परत काढायचा, आणि मुकादमाला कोयता पक्का सांगायचा.

"आत काय व्हतं?" आजीनं मलाच विचारलं. दीर बोलणार नाही हे तिला कळलं असावं.

मला खोटं बोलता येतं, पण लांब बोलता येत नाही. "गिअर व्हता. काढलाय. त्या ट्रॅक्टरात घातलाय." मी भिंतीपलीकडं हात केला.

दीर मेल्यासारखा उभा होता. पण अडचणीत माणसाला देव आठवतो तशी त्याला भावकी आठवली. "आपलाच हाय तो बी," तो म्हणाला. "एकच घर हाय आमचं."

वाटण्यांनंतर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

"कोण चालवतंय?" आजीनं विचारलं.

"सून."

"बोलवा तिला."

सून आली, हात तेलकट, पदर खोचलेला. आजीनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "उसाला गेलती का कधी?"

"गेलते. दोन खेपा."

"आता?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आता न्हाई. ट्रॅक्टर चालला तर न्हाई."

आजीनं काठीवर दोन्ही हात ठेवले. मग दिराकडं वळली. "आमची पोरगी बारावी झाल्याली हाय. आमी तिला उसाला धाडणार न्हाई. सून झाली तरी न्हाई, मुकादम दारात बसला तरी न्हाई. हे कबूल आसंल तर बोला. दारात मेल्याला ट्रॅक्टर आसू द्या न्हाई तर म्हस आसू द्या, मला काय करायचंय?"

"कबूल हाय," दीर म्हणाला. इतक्या पटकन त्याला मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"त्यास्नी इचारू नका," आजी मामाला म्हणाली. "पोराला इचारा."

दिराचा पोरगा दारात उभा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं कधीच. तो म्हणाला, "मी बी जायचो न्हाई. मला शिकवा म्हणलं वहिनीला, ट्रॅक्टर चालवायला."

मामाला हसू आलं. "तुला चालवता येत न्हाई? मग हा दारात कशाला ठिवला?"

"तुमच्यासाठी," तो म्हणाला.

त्यावर बाप पहिल्यांदा हसला. सोयरीक काही तिथंच जमली नाही. पोरीनं आधी सुनेला फोन केला. दोघी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते सुनेनं मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मग चार दिवसांनी धर्मापुरीकडून निरोप आला की पोरगी हो म्हणते. दीर पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "बघा वहिनी, ट्रॅक्टरचा पायगुण."

"त्याला पाय कुठं हायेत?"

"चाकाचा गुण म्हणा." आणि हळूच पुढं म्हणाला, "गिअर मात्र लग्न झाल्यावर परत बसवू. वरात काढायला नको व्हय?"

"इंजिन जळाल्यालं हाय, भाऊजी."

"ते बघू."

माणूस एकदा जमलेल्या गोष्टीला स्वतःचं कर्तृत्व समजायला लागला की त्याला इंजिन नसलं तरी चालतं. मी पेढा खाल्ला आणि गिअरचं काही बोलले नाही. जेव्हा मागंल तेव्हा बघू.

दसरा झाला. पहाटेच टोळीची गाडी निघाली. सून त्या वेळी पांदीच्या कडेच्या रानात हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर मारत होती. मी आणि पोरगा बांधावर होतो, तो डिझेलचा कॅन घेऊन. गाडी पांदीत आली आणि थांबली, कारण सुनेचा ट्रॅक्टर वळताना निम्मा पांदीत आला होता. गाडीत भांडी, बाजा, कोंबड्यांची खुराडी आणि त्याच्यावर माणसं. मुकादम पुढं ड्रायव्हरजवळ बसला होता. त्यानं डोकं बाहेर काढलं.

"अजून बी जागा हाय!"

पोरानं कॅन या हातातून त्या हातात घेतला. सुनेनं ट्रॅक्टर मागं घेतला, बाजूला लावला आणि गाडीला वाट दिली. इंजिन तिनं बंद केलं नाही.

गाडीतून एक बाई ओरडली, सुनेच्या माहेरची होती. "काय गं, ट्रॅक्टरवाली! गिअर मोडला म्हणं?"

"मोडला व्हता! आज तर चालायलाय!"

"आमाला बी शिकव की!"

"उन्हाळ्यात ये! शिकवते!"

बाया हसल्या. दोघी-तिघींनी हात केले. मग गाडी हलली आणि धुरळ्यात ती दिसेनाशी झाली. सून परत ओळीत शिरली. रोटाव्हेटरचा आवाज सुरू झाला.

पोरगा गाडी गेली तिकडं बघत उभा राहिला. मी म्हणलं, "कॅन हातात धरून काय उभा राहिलास? तिचं डिझेल संपत आलं आसंल. जा, टाक."